धाकटीच्या गालावरचं कुंकू

उन्हं कलायला लागली होती. झुंबरबाई दारात शेंगा फोडत बसली होती, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल थांबली. उतरलेला माणूस चार पावलं चालला, मागं फिरला, हँडल लॉक झालंय का ते हलवून बघितलं, पुन्हा चालला आणि पुन्हा मागं वळला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, तरी एक खांदा पुढं टाकून चालायची ढब तीच होती. झुंबरबाईच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. आठ वर्षं ज्या माणसाला बाजारात लांबून बघून ती वाट बदलत आली, तो तिच्याच दाराकडं येत होता.

“वळखलं का मावशी?”

“न वळखायला काय झालं, धैर्यशीलसायेब. या की.”

“सायेब कुठला आता. उद्यमनगरात पंप खोलतोय.” त्यानं हात पुढं करून दाखवले. नखांत काळं तेल बसलं होतं.

झुंबरबाईनं चहा टाकला. गुडघे कुरकुरत होते म्हणून भिंतीला धरून उठली, भिंतीला धरूनच बसली. धैर्यशीलनं एक घोट घेतला आणि आत बघत विचारलं, “गॅस बंद केला न्हवं मावशी?”

“केला की.”

दोन घोटांनी त्यानं पुन्हा विचारलं. मग स्वतःच उठला, आत डोकावला, बटणाला हात लावला आणि ओशाळून येऊन बसला. “सवय लागलीया. घरात बायको वैतागती.”

झुंबरबाईनं शेंगांचं सूप पुन्हा पुढं ओढलं. ही सवय कवापासून लागली असेल, हे तिला विचारायची गरज नव्हती.

हा धैर्यशील रंकाळा एअर चार्टर्स या कंपनीचा इंजिनियर होता. ती कंपनी आता विमानतळाच्या कुंपणाशी असलेल्या एका गंजक्या पाटीवर तेवढी उरली आहे. तीही अर्धीच, कारण पाटीचा खालचा भाग कुणीतरी उचकटून नेला. पण एके काळी विमानतळाशेजारच्या उजळाईवाडीतल्या पोरांना विमानाच्या नुसत्या आवाजावरून सांगता यायचं की आता धाकटी आली का थोरली.

उदयसिंह नावाच्या फौंड्रीवाल्यानं ही कंपनी काढली. तेव्हा कोल्हापुरात धावपट्टी होती, पण रोजचं विमान धड नव्हतं. बड्या माणसाला दिल्लीला जायचं तरी आधी गाडीनं पुण्याला धूळ खात जावं लागायचं. उदयसिंहांनी परदेशात दोन घरी नांदून आलेलं आठ आसनांचं एक जुनं जेट आणलं. पांढरं, पोटावरून निळा पट्टा. लोक म्हणाले, “फौंड्रीवाला आता विमानं ओतणार वाटतं!” पण साखर कारखान्यांचे अध्यक्ष, शूटिंगला आलेले नट, देवीच्या दर्शनाला येणारे व्यापारी, निवडणुकीतले पुढारी, सगळे त्यात बसायला लागले. दोन वर्षांत दहा आसनांचं दुसरं आलं. आणखी दोन वर्षांनी तेरा आसनांचं तिसरं आलं, तेही भाडेकरारावर. त्यात झोपायला सोफा होता आणि आरशाची न्हाणी होती. हँगरचा वॉचमन आकाराम यानं तिघींना नावं दिली, धाकटी, मधली आणि थोरली. आली सगळ्यांत आधी ती धाकटी, पण अंगानं लहान म्हणून तिचं नाव तसं पडलं.

झुंबरबाई या तिघींना आतून-बाहेरून पुसायची. नवरा गेल्यावर चौथ्या महिन्यात ती कामाला लागली. पहिल्याच दिवशी धैर्यशीलनं तिला एक नियम सांगितला होता. लाल दिसेल त्याला हात लावायचा नाही. विमान उभं असताना त्याच्या नाकातोंडावर लाल झाकणं घालतात, त्यांना लांब लाल फिती लोंबत असतात, ती झाकणं फक्त इंजिनियरनं काढायची. झुंबरबाईनं तो नियम कधी मोडला नाही. सीटच्या खणांतून तिला पानाच्या पुड्या सापडल्या, जपमाळ सापडली, एकदा तर एका अध्यक्षांची कवळी सापडली. सगळं तिनं जिथल्या तिथं ऑफिसात नेऊन दिलं. अशी बाई म्हणून तिची पोरगी प्रियदर्शनी बारावीनंतर कोर्स करून आली, तेव्हा उदयसिंहांनी तिला आढेवेढे न घेता हवाई सुंदरी म्हणून घेतलं.

“मावशी,” धैर्यशीलनं कप खाली ठेवला, “धाकटी विकली. पन्हाळा रस्त्यावरच्या एका कॉलेजनं घेतली. विमान दुरुस्तीचा वर्ग काढत्यात. पोरांना खोलून दाखवायला पायजे.”

“बरं झालं. नुसती उन्हात उभी हाय. बघवत न्हाय.”

“शिकवायला मास्तर पायजे. मला बोलवलंय. पण संस्थेतल्या एकानं धाकटीच्या अपघाताचा जुना अहवाल काढला. माझं नाव हाय की त्यात. ज्या विमानावर चूक केली तेच शिकवणार काय, म्हणाला.” तो हसला, पण नुसता तोंडानं. “सोमवारी त्यांची मीटिंग हाय. त्या दिवशी तिथं असलेलं कुणीतरी लिहून द्या म्हणाले. कॅप्टन वारले. बाकीचे कुठं कुठं गेले. मग आठवलं, मावशी तिथंच झाडत होत्या.”

झुंबरबाई फोलपटं गोळा करायला लागली.

“मी टॉर्च मारून बघितलं होतं. हवेची भोकं मोकळी होती. मला आठवतंय. पण मावशी, रोजच बघायचो. आता वाटतं, ते आठवतंय ते दुसऱ्याच कुठल्या दिवसाचं असंल. तुम्ही बघितलंत का मला बघताना? एवढंच सांगा. खरं ते सांगा. न्हाय तर न्हाय म्हणा.”

चौकशी समितीनं अकरा जणांना विचारलं होतं. झाडणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. आठ वर्षांनी पहिल्यांदा कुणी विचारत होतं, आणि तेही ज्यानं विचारू नये त्यानंच.

“बघितलं,” ती म्हणाली. “तुमी टॉर्च मारून बघत हुता. दोन्ही बाजूनं.”

धैर्यशीलचा चेहरा असा उजळला की झुंबरबाईला खाली बघावं लागलं. पण तो इंजिनियर होता. क्षणभरानं त्याच्या कपाळावर आठी पडली.

“मग बुजली कशी, मावशी? माझ्या बघण्यात आणि उडण्यात तास-सव्वातास. कुंभारमाशी तासाभरात घर बांधत न्हाय.”

झुंबरबाई सूप घेऊन आत गेली. बराच वेळ ती बाहेर आली नाही. “येतो मावशी,” असं त्यानं दारातूनच सांगितलं. “उद्या हँगरवर हाय मी. सामानाची यादी करायचीय. जमलं तर या.”

मोटारसायकल सुरू झाली. थोडी पुढं जाऊन थांबली. मग गेली.

खंडेनवमीला रंकाळा एअरमध्ये मोठी पूजा असायची. उद्यमनगरात लेथला, गिरणीत जात्याला, तालमीत गदेला जशी पूजा, तशी तिघींनाही. हळदीकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ. धैर्यशील तेवढा वेळ जिवावर आल्यासारखा उभा असायचा. विमानाच्या नाकावर तो आधी एक कागद चिकटवायचा आणि कुंकू त्या कागदावरच लावायला लावायचा. संध्याकाळी सगळे पांगले की कागद काढून, ओल्या फडक्यानं हळदीचा कण न् कण पुसून घ्यायचा.

अपघात झाला त्या वर्षी झुंबरबाई त्याच्या शेजारी बादली धरून उभी होती. धाकटीच्या कपाळावरचं कुंकू पुसताना तिनं बघितलं. चार वर्षांपूर्वी तिच्या जावेनं तिचं पुसलं होतं, ते असंच, ओल्या फडक्यानं, एका हातानं हनुवटी धरून. दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि प्रियदर्शनीची पहिली फेरी होती. आणि पोरगी उघड्या कपाळाच्या विमानातून जाणार होती.

दसऱ्याला पहाटे तिनं ट्रंकेच्या तळातून आपला करंडा काढला. चार वर्षांत त्याला हात लागला नव्हता. विधवेनं लावलेलं चालत नाही म्हणतील, म्हणून कमरेला खोचून, पदराआड लपवून नेला. हँगरवर ती झाडत राहिली. धैर्यशीलनं लाल झाकणं काढली, टॉर्च मारली, सही केली आणि नाष्ट्याला गेला. कॅप्टन विमानाभोवती फेरी मारून आत बसला. नियम तिनं तेव्हाही मोडला नाही. लाल दिसणाऱ्या कशालाच हात लावायचा नव्हता, आणि आता तर लाल काहीच राहिलं नव्हतं.

कपाळावर लावलं तर हा बाबा पुन्हा पुसेल, म्हणून तिनं जागा शोधली. धाकटीच्या दोन्ही गालांवर, जरा खाली, रुपयाएवढी एकेक चकचकीत चकती होती. रोज पुसताना तिला वाटायचं, ही जागा कुंकवासाठीच ठेवल्यासारखी आहे. तिनं करंगळीशेजारच्या बोटानं आधी मेण लावलं, म्हणजे कुंकू वाऱ्यानं उडणार नाही, मग त्यावर कुंकू दाबून बसवलं. एकच गाल लावला तर दुसरी बाजू उघडी राहील, म्हणून दोन्ही गालांना. चकतीत बारीक भोकं होती. असतील कशाला तरी. हात जोडले आणि झाडू उचलला. बसायला आलेल्या पाहुण्यांनी ते ठिपके बघितले असतील तरी दसऱ्याच्या दिवशी त्यात काय नवल?

त्या भोकांतून विमानाला बाहेरची हवा कळते आणि त्यावरून आपण किती उंच आहोत ते कळतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

धाकटी उडाली आणि उंचीचा काटा जागचा हलेना. कॅप्टन जुना होता. आभाळ स्वच्छ होतं. त्यानं नुसत्या नजरेवर विमान फिरवून बारा मिनिटांत खाली आणलं. पण वेग जास्त झाला आणि धाकटी धावपट्टी संपून पुढच्या चिखलात नाक खुपसून उभी राहिली. माणसं वाचली. प्रियदर्शनीचं मनगट मोडलं. नाकावर एवढा चिखल होता की कुंकू कुणाला दिसलंच नाही. भोकांत चिखलात मिसळलेलं काहीतरी तांबूस, चिकट सापडलं. काटा तर उडतानाच अडकला होता, म्हणजे घाण आधीपासूनची. समितीनं लिहिलं, कुंभारमाशीचं घर, सही करणाऱ्यानं भोकं बघितली नाहीत. धैर्यशीलची नोकरी गेली. चिखलातल्या धाकटीचा फोटो मोबाईलवरून गावभर फिरला. पुढं थोरली करारवाल्यांनी परत नेली, मधली हैदराबादला विकली गेली. महापुराच्या वर्षी हँगरला कुलूप लागलं आणि धाकटी एकटी राहिली. टायर बसले, इंजिनात साळुंक्यांनी घरटी केली.

प्रियदर्शनी मात्र मनगट जुळल्यावर पुन्हा उडाली. आता ती बेंगळुरूला मोठ्या कंपनीत आहे. प्रत्येक फेरी संपली की आईला एकच शब्द पाठवते, “उतरले”. तो येईस्तोवर झुंबरबाई घास गिळत नाही. पोरीला कुंकवाचं ठाऊक नव्हतं.

धैर्यशील येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी झुंबरबाई हँगरवर गेली. आकारामनं कुलूप काढत टोमणा मारला, “आज हिकडं कुणीकडं? पगार न्हाय हां मिळायचा!”

“तुला तरी मिळतोय व्हय रं?” ती म्हणाली आणि आत गेली.

धैर्यशील धाकटीच्या पोटाखाली वही घेऊन बसला होता. झुंबरबाईनं काही प्रस्तावना केली नाही. ती थेट डाव्या गालाशी गेली, करंगळीशेजारचं बोट त्या चकतीवर ठेवलं.

“हितं लावलं मी. मेण आणि कुंकू. तुमी सही करून नाष्ट्याला गेलता तवा. त्या अंगालाबी लावलं. तुमी आदल्या दिवशी पुसलं हुतं म्हणून.”

तो उठला नाही. वही मिटली, पुन्हा उघडली.

“मेण,” तो म्हणाला.

“कुंकू ठरायला लावत्यात न्हवं. खाली मेण.”

पत्र्यावर साळुंक्यांची नखं वाजत होती. मग त्याचा आवाज एकदम चढला. “आठ वर्षं, मावशी! माझ्या आईचा दहावा हुता. नदीवरनं मी तीनदा घरी गेलो, कुलूप लावलंय का बघायला. कावळा शिवला तवा मी तिथं नव्हतो. आणि तुम्हाला सगळं ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“का न्हाय बोललात?”

“पोरगी व्हती आत.” झुंबरबाईचा हात अजून चकतीवरच होता. “तिला काय सांगू? तुज्या आईनंच तुला… मला वाटलं, तिला कळलं तर माजं तोंड बगायची न्हाय. म्हणून तुमचं हुईल ते हू दे म्हणलं. असं म्हणलं मी. खोटं न्हाय बोलत.”

धैर्यशील बाहेर जाऊन उभा राहिला. ती तिथंच थांबली. जा म्हणाला असता तर गेली असती. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण आवाज खाली आला होता.

“म्हणजे मी बघितलं हुतं.”

“बघितलं हुतं. चांगलं वाकून.”

“कंपनी तुमच्यामुळं न्हाय बुडली,” तो म्हणाला. “रोजची विमानं सुरू झाली, थोरलीचा करार झेपत नव्हता. ती बुडणारच हुती. तेवढं मनाला लावून घेऊ नका. माझं मात्र तुमच्यामुळंच झालं.”

“व्हय,” ती म्हणाली.

मग त्यानं वहीचा कागद फाडून निवेदन लिहिलं आणि वाचून दाखवलं. तपासणीनंतर अज्ञात व्यक्तीकडून छिद्रांत बाह्य पदार्थ गेला असावा, असं काहीसं होतं. झुंबरबाईनं मान हलवली.

“अज्ञात कोण? माजं नाव लिवा. आणि पदार्थ काय, कुंकू लिवा.”

“गावभर होईल, मावशी.”

“तुमचं न्हाय झालं व्हय गावभर? पण जरा थांबा. आदी पोरीला सांगते. तिला दुसऱ्याच्या तोंडनं नगं कळायला.”

ती हँगरच्या सावलीत जाऊन बसली आणि फोन लावला. प्रियदर्शनीनं दोनच रिंगांत उचलला.

“काय गं आई, या वेळी?”

झुंबरबाईनं सगळं सांगितलं. मध्ये थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

“आई, सात माणसं होती त्यात. त्यातलं एक पोर पहिलीतलं होतं. माझ्या मांडीवर ओकलं ते भीतीनं.”

“व्हय बाई.”

“आणि धैर्यशीलसर? मी त्यांना शिव्या घालत होते इतकी वर्षं. तू समोर बसून ऐकत होतीस की गं!”

“व्हय.”

“ठेवते मी,” ती म्हणाली आणि ठेवला.

झुंबरबाईनं निवेदनाखाली सही केली. प्रौढ वर्गात शिकलेली, एकेक अक्षर उभं करत केलेली सही. तिला त्या दिवशी घरी चालत जायला दुप्पट वेळ लागला.

सोमवारी संस्थेच्या लोकांनी ते निवेदन वाचलं. कुणी हसलं, कुणी गप्प बसलं. शेवटी धैर्यशीलला सहा महिन्यांसाठी घेऊ, मग बघू, असं ठरलं. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. आकाराम चहाच्या टपरीवर म्हणाला, “बोटभर कुंकू आणि तीन विमानं गार!” लोक हसले. झुंबरबाई समोरून भाजी घेऊन चालली होती. ती थांबलीही नाही आणि लगबगीनंही गेली नाही.

तीन दिवस फोन मुका होता. झुंबरबाई जेवायला बसायची, ताट तसंच सारायची. पोरगी उडत होती का नव्हती, कळायला मार्ग नव्हता. आपण कुंकू लावलं नाही त्या सगळ्या फेऱ्यांतूनही पोरगी नीट उतरलीच की, असं ती स्वतःला समजावायची, आणि तेच आठवून तिला पुन्हा कसंसं व्हायचं.

चौथ्या दिवशी धाकटी न्यायची होती. सकाळी सहाला फोन वाजला. “उतरले.” पुढं काही नाही. मागंही काही नाही.

झुंबरबाई हँगरवर गेली. धाकटीचे पंख काढून वेगळे बांधले होते आणि तिचं धड लांब ट्रेलरवर चढवलं होतं. पंखांवाचून ती अगदी लहान दिसत होती. ड्रायव्हर घाई करत होता. धैर्यशील शिडीवर चढून टॉर्च घेऊन डाव्या गालाशी वाकला होता.

“काय बगताय आता?” झुंबरबाई खालून म्हणाली. “उडणार हाय व्हय ती?”

“पोरांना शिकवायचंय,” तो म्हणाला. “बुजलेली भोकं दाखवू का?”

त्यानं खिशातून लाल झाकण काढून चकतीवर बसवलं, शिडी फिरवून दुसऱ्या बाजूला बसवलं. खाली उतरला. हात झटकले. मग जरा घुटमळला.

“मावशी, लावली न्हवं दोन्ही?”

“लावली की.”

“तुम्ही बघितलंत?”

“बगितलं. मी हितंच हाय.”

तो मोटारसायकलीकडं चालायला लागला. ट्रेलरच्या टोकाशी पोचला, थांबला, मागं फिरला. शिडी काढलेली होती, म्हणून टाचा उंचावून त्यानं नुसती लोंबणारी लाल फीत ओढून बघितली. घट्ट होती. झुंबरबाईनं कमरेचा मोबाईल काढला, चष्मा लावला आणि सकाळचा तो एक शब्द अजून तिथंच आहे का ते पुन्हा एकदा बघितलं.